निर्वासित स्त्रीचे ‘मी’ : रंगमंचावरील आत्मकथन आणि न सांगण्याचा अधिकार

प्रस्तावना

युद्धामुळे, छळामुळे किंवा पोटासाठी देश सोडून परमुलुखात आलेल्या स्त्रिया स्वतः रंगमंचावर उभ्या राहून आपल्याच आयुष्याची हकिगत सांगतात, अशा प्रयोगांचा विचार या टिपणात करायचा आहे. यांतल्या बहुतेकींनी आधी कधी अभिनय केलेला नसतो. नेपथ्य जुजबी असते, वेशभूषा साधी असते आणि ‘पात्र’ म्हणावे असे वेगळे काही नसते; जी बोलते, तिच्याचविषयी बोलणे चालू असते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हा प्रकार युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम आशिया येथे चांगलाच रुजला आहे. न्यूयॉर्कचे पिंग चाँग यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘अनडिझायरेबल एलिमेंट्स’ या मालिकेत स्थलांतरित स्त्रीपुरुष अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात आणि समोर ठेवलेल्या संहितेतून आपला जन्म, आपल्या देशाचा इतिहास आणि आपले देश सोडणे आळीपाळीने वाचतात. सिडनीत २०१३ मध्ये रॉस होरिन यांनी ‘द बॉलकम हिल्स आफ्रिकन लेडीज ट्रूप’ या प्रयोगात आफ्रिकेतून आलेल्या चार स्त्रियांच्या कहाण्या त्यांनाच मंचावर आणून मांडल्या.

अशा प्रयोगांविषयी लिहिताना समीक्षकाची लेखणी अडखळते. ‘हृदयाला भिडणारा’, ‘अस्सल’, ‘धाडसी’ अशी दोन-तीन विशेषणे योजून तो मोकळा होतो. त्याची अडचण समजण्यासारखी आहे. समोरच्या बाईने घर जळताना पाहिले आहे, भाऊ गमावला आहे. तिच्या बोलण्यात लय नव्हती किंवा मधला भाग रेंगाळला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? पण या संकोचाने कोणाचेच भले होत नाही. दुःखाची समीक्षा करता येत नाही हे खरे; दुःख मंचावर कसे मांडले, कोणी मांडले, कोणाच्या सोयीने मांडले याची समीक्षा मात्र करता येते आणि ती केली पाहिजे. ती न करणे म्हणजे या स्त्रियांना कलावंत मानायचे नाकारणे होय.

मग कसोटी कोणती लावायची? सर्वसाधारणपणे ‘खरेपणा’ ही कसोटी लावली जाते. प्रस्तुत टिपणाचे म्हणणे वेगळे आहे. या प्रयोगांत काय सांगितले जाते त्याइतकेच काय सांगितले जात नाही आणि ते न सांगण्याचे कोणी ठरवले, हे पाहावे. ज्या प्रयोगात स्त्रीला गप्प राहण्याची जागा राखून ठेवली आहे, तो प्रयोग पुष्कळदा कलेच्या दृष्टीनेही सरस ठरतो, असे दिसते. हे कसे, ते पाहण्यासाठी एका नाट्यत्रयीचा जरा तपशिलात विचार करू. त्याआधी मात्र रंगमंचावर येण्यापूर्वी ही गोष्ट कुठे कुठे सांगून झालेली असते, ते लक्षात घ्यायला हवे.

कचेरीत सांगितलेली गोष्ट

निर्वासित स्त्री रंगमंचावर पहिल्यांदा गोष्ट सांगत नसते. ती तिने आधीच अनेकदा सांगितलेली असते: सीमेवर, नोंदणीच्या टेबलाशी, मदत वाटणाऱ्या संस्थेत, वकिलापुढे, दुभाष्यामार्फत आणि आश्रयाच्या अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार निर्वासित ठरण्यासाठी छळाची भीती सकारण असावी लागते आणि तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने झालेला असावा लागतो. या यादीत ‘स्त्री असणे’ हे कारण नाही. त्यामुळे घरातून, नवऱ्याकडून, सैनिकांकडून झालेला अत्याचार सांगणाऱ्या बाईला आपली हकिगत या पाचांपैकी एका कप्प्यात बसवून दाखवावी लागते. बहुधा ‘सामाजिक गट’ या कप्प्यात. मुलाखत घेणाऱ्याला तारखा हव्या असतात, क्रम हवा असतो, आज सांगितलेले मागच्या खेपेला सांगितलेल्याशी जुळायला हवे असते. ज्या माणसावर आघात झाला त्याची आठवण या क्रमाने चालत नाही, तुटक येते, एखाद्या बारीकशा वस्तूपाशी थांबते आणि मोठी घटना गाळून जाते. पण फायलीत विसंगती म्हणजे अविश्वास.

ॲलिसन जेफर्स या अभ्यासिकेने ‘रेफ्युजीज, थिएटर अँड क्रायसिस’ (२०१२) या पुस्तकात या सगळ्याला एक प्रकारचा प्रयोगच म्हटले आहे. आपण त्याला ‘कचेरीतला प्रयोग’ म्हणू. तिथे एक कथानक आहे, एकच प्रेक्षक आहे, आणि तो प्रेक्षक टाळ्या वाजवत नाही. शिक्का मारतो किंवा मारत नाही. त्या प्रयोगात ‘हे मला सांगायचे नाही’ असे वाक्य म्हणण्याची सोय नसते, कारण ते म्हणणारीचा अर्ज कच्चा पडतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. नाट्यगृहात बाई एकटी प्रकाशझोतात उभी आहे, समोर काळोखात तीनशे माणसे आहेत आणि ती जन्मापासून आजवरची हकिगत क्रमाने सांगते आहे. सर्वात भयंकर प्रसंग शेवटाकडे आणून ठेवला आहे. प्रेक्षक तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवत आहेत आणि अखेरीस उभे राहून टाळ्यांनी ‘आम्ही विश्वास ठेवला’ असा निकाल देत आहेत. कचेरीतल्या प्रयोगाहून हा प्रयोग किती वेगळा झाला? सद्‌भाव आहे, अंतःकरण आहे, सगळे आहे. रचना मात्र तीच आहे. कॅनडातील नाट्याभ्यासक ज्युली सॅल्व्हर्सन यांनी १९९९ मध्येच या प्रकाराला ‘जखमेचे सौंदर्यशास्त्र’ म्हटले होते. जखम जितकी खोल तितका प्रयोग थोर, असे गणित एकदा रूढ झाले की बोलणारीला जखमेपलीकडे काही उरत नाही आणि ऐकणाऱ्याला चांगला श्रोता असल्याचे समाधान फुकटात मिळते.

अम्मान, २०१३ : छावणीतले नाटक छावणीतल्या स्त्रियांकडे

सीरियातील संघर्ष २०११ मध्ये सुरू झाला. २०१३ च्या अखेरपर्यंत शेजारच्या जॉर्डनमध्ये पाच लाखांहून अधिक सीरियन निर्वासितांची नोंद झाली होती. जगाने छायाचित्रांत पाहिली ती झातरीची छावणी, पण बहुसंख्य निर्वासित अम्मानसारख्या शहरांत भाड्याच्या खोल्यांत राहत होते. त्यांपैकी काही स्त्रियांना एकत्र आणून युरिपिडिसचे ‘ट्रोजन स्त्रिया’ हे नाटक अरबीत करण्याचा उपक्रम शार्लट ईगर आणि विल्यम स्टर्लिंग या ब्रिटिश दांपत्याने सुरू केला. दिग्दर्शक होता ओमर अबू सादा, स्वतः सीरियन. तालमींवर यास्मिन फेद्दा यांनी केलेला ‘क्वीन्स ऑफ सीरिया’ (२०१४) हा माहितीपट उपलब्ध आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा. प्रयोगापेक्षा तालीमच या विषयात अधिक बोलकी आहे.

नाटकाची निवड सहज सुचण्यासारखी वाटते, पण तिच्यात बरेच दडले आहे. ‘ट्रोजन स्त्रिया’ इसवी सनापूर्वी ४१५ मध्ये अथेन्समध्ये सादर झाले. त्याच्या थोडेच आधी अथेन्सने मेलोस बेट जिंकून तिथल्या पुरुषांची कत्तल केली होती आणि बायकामुलांना गुलाम केले होते. नाटक घडते ते ट्रॉय पडल्यानंतर, तंबूंच्या छावणीत. पुरुष मेलेले आहेत. राणी हेक्युबा जमिनीवर पडलेली आहे. कोणती स्त्री कोणत्या ग्रीक सरदाराच्या वाट्याला गेली आणि कोणत्या जहाजात चढायचे, हे कळण्याची सगळ्याजणी वाट पाहत आहेत. ती बातमी घेऊन येतो टॅल्थिबियस नावाचा निरोप्या. तो क्रूर नाही, नोकरीला बांधलेला आहे. नावे वाचून दाखवताना त्याचा आवाज कधीकधी अडखळतो. ज्याने कधी निर्वासितांच्या यादीची रांग पाहिली असेल त्याला या माणसाची ओळख करून द्यावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. अथेन्सच्या रंगभूमीवर स्त्रीपात्रे पुरुषच करीत. म्हणजे मूळ प्रयोगात पराभूत, परक्या, गुलाम स्त्रियांचा आक्रोश जेत्या नगरीच्या पुरुष नागरिकांच्या मुखातून आला. सुमारे चोवीसशे वर्षांनी अम्मानमध्ये ते संवाद ज्यांच्या परिस्थितीचे होते त्यांच्या तोंडी गेले. या घटनेचे मोल केवळ प्रतीकात्मक नाही. तालमींत स्त्रिया हेक्युबाविषयी, कॅसान्ड्राविषयी, अँड्रोमाखीविषयी बोलू लागतात. ही राणी माझ्यासारखी आहे, ही नाही, इथे मी असती तर असे केले नसते, असे वाद घालतात. या वादात स्वतःची हकिगत येते, पण ती तिऱ्हाइताच्या वाटेने येते. जिला घर सोडल्याचा दिवस सांगता येत नाही ती हेक्युबाने ट्रॉयचा निरोप कसा घेतला असेल हे सांगू शकते. ऐकणाऱ्याला कळते की ती काय सांगते आहे. तिलाही कळते की त्याला कळले. तरी शब्दशः ती एका जुन्या राणीविषयीच बोललेली असते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्या बायकांनी जात्यावर सीतेचा वनवास गाताना काय केले? सासरचे नाव न घेता सासर सांगितले. राम किती कठोर वागला हे ओवीत म्हणता येत होते. नवऱ्याविषयी तेच म्हणण्याची सोय नव्हती.

अम्मानच्या तालमींतून कितीतरी जणी मध्येच गळाल्या. कोणाच्या नवऱ्याला पसंत नव्हते, कोणाला मुले सांभाळायची होती, कोणाचे नातलग अजून सीरियात होते आणि इकडे उच्चारलेल्या शब्दाची किंमत त्यांना तिकडे मोजावी लागेल अशी भीती होती. काहींना चेहरा कॅमेऱ्यापुढे येऊ द्यायचा नव्हता. माहितीपटात ही गळती ‘अडचण’ म्हणून येते. मला ती या प्रयोगाचा गाभा वाटते. जी निघून गेली तिनेही एक निर्णय घेतला आहे आणि तिच्या निर्णयाला जागा देणारी रचना ग्रीक नाटकाने तयारच ठेवली होती: कोरस.

कोरस म्हणजे एकत्र बोलणाऱ्या स्त्रियांचा वृंद. त्यात ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्यातील सीमा पुसट असते. वृंदातून एखादी पुढे येते, चार वाक्ये बोलते, पुन्हा मागे मिसळते. ती वाक्ये तिचीच असतील किंवा शेजारणीची असतील. प्रेक्षकाला खात्रीने सांगता येत नाही. कचेरीत या अनिश्चिततेने अर्ज फेटाळला गेला असता. मंचावर तीच अनिश्चितता पांघरूण होते. एकीचे दुःख तिच्या एकटीच्या अंगावर राहत नाही आणि एकीचे नावही सापडत नाही. पिंग चाँग यांच्या अर्धवर्तुळातही थोडेसे असेच घडते, कारण तिथे एकाच्या हकिगतीतली वाक्ये बाकीचे वाटून घेऊन म्हणतात.

पुढे २०१६ च्या जुलैत ‘क्वीन्स ऑफ सीरिया’ याच नावाने, झोई लॅफर्टी यांच्या दिग्दर्शनाखाली, हा प्रयोग नव्या रूपात ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि त्या प्रचारात निर्वासितांचे लोंढे हा मोठा मुद्दा होता. लंडनच्या यंग विक नाट्यगृहात युरिपिडिसचे उतारे आणि स्त्रियांची स्वतःची निवेदने एकात एक गुंफून येत होती. बोलणे अरबीत, वर पाटीवर इंग्रजी. या पाटीकडे समीक्षकांचे फारसे लक्ष जात नाही. पाटी वाचण्यासाठी प्रेक्षकाला बोलणारीच्या चेहऱ्यावरून नजर काढावी लागते. चेहऱ्याकडे पाहत राहिला तर शब्द निसटतात. ज्याला अरबी येत नाही त्याला बाई आणि तिची गोष्ट एकाच क्षणी पूर्णपणे मिळत नाहीत. मला हा दोष वाटत नाही. तिची भाषा प्रेक्षकाच्या मुठीत येत नाही, एवढे तरी त्या पाटीने राखले.

मात्र एक तक्रार नोंदवायला हवी. गद्य निवेदने जसजशी वाढत जातात तसतसे युरिपिडिसचे पांघरूण आखूड पडते. ‘मी अमुक गावची, माझे तमुक झाले’ हा साचा पुन्हा पुढे येतो. दौरा निधी उभा करणारा होता, राजकीय वातावरण तापलेले होते, प्रेक्षकाला ‘खरी’ हकिगत थेट ऐकवण्याची निकड समजण्यासारखी होती. तरीही अम्मानच्या तालमीतला तो वाद, हेक्युबा माझ्यासारखी आहे की नाही हा, अधिक नाट्यपूर्ण होता असे माझे मत आहे.

हेलेनची साक्ष

युरिपिडिसच्या नाटकात एक प्रवेश आहे, ज्याकडे या संदर्भात क्वचितच बोट दाखवले जाते. मेनेलाउस आपली पळून गेलेली बायको हेलेन हिला मारण्यासाठी आला आहे. हेलेन म्हणते, मला बोलू दे. हेक्युबाही म्हणते, तिला बोलू दे, मग मी तिचे म्हणणे खोडून काढते. आणि छावणीत न्यायालय भरते. हेलेन मुद्देसूद बोलते: दोष देवतांचा, दोष पॅरिसला जन्म देणाऱ्या हेक्युबाचा, मी पळण्याचा प्रयत्न केला होता, बुरुजावरचे पहारेकरी साक्षीदार आहेत. जीव वाचवण्यासाठी केलेले हे निवेदन आहे. त्यात कारणे आहेत, क्रम आहे, पुरावे आहेत. हेक्युबा ते एकेक करून मोडून काढते. मेनेलाउसला हेक्युबाचे पटते, तरी तो हेलेनला तिथल्या तिथे मारत नाही; जहाजावर पाठवतो. ग्रीक प्रेक्षकाला माहीत होते की ती सुखरूप घरी जाणार.

म्हणजे या एका नाटकात स्त्रियांच्या बोलण्याचे दोन प्रकार समोरासमोर ठेवलेले आहेत. एक हेलेनचा, जो निकालासाठी आहे, आणि ज्यावर विश्वास ठेवायचा की नाही हाच प्रश्न आहे. दुसरा हेक्युबाचा आणि वृंदाचा विलाप, ज्याला पुराव्याची गरज नाही आणि ज्यातून काही मिळवायचेही नाही. नातवाचे प्रेत हेक्टरच्या ढालीवर ठेवून आणले जाते तेव्हा हेक्युबा कोणाला काही पटवून देत नाही. ती त्याला शेवटचे सजवते.

निर्वासित स्त्रियांच्या प्रयोगाची संहिता हातात आली की विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारून पाहावा: इथे बाई हेलेनसारखी बोलते आहे की हेक्युबासारखी? तिच्यापुढे बसलेल्यांना मेनेलाउस केले आहे का? बहुतेक सदिच्छेने केलेले प्रयोग बाईला हेक्युबाचे दुःख देतात आणि हेलेनची भाषा बोलायला लावतात.

बैरूत आणि बर्लिन

अबू सादा आणि नाटककार मोहम्मद अल अत्तार यांनी हा धागा पुढे दोन प्रयोगांत नेला. २०१४ च्या अखेरीस बैरूतमध्ये शतिला आणि आसपासच्या छावण्यांत राहणाऱ्या स्त्रियांना घेऊन ‘शतिलाची अँटिगनी’ झाले. शतिला ही मुळात १९४९ मध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी उभारलेली छावणी; सीरियन स्त्रिया तिथे आल्या त्या आधीच्या निर्वासितांच्या शेजारी. भावाचे प्रेत पुरण्यासाठी राजाज्ञा मोडणारी अँटिगनी या स्त्रियांना परकी नव्हती, कारण आपल्या माणसाला माती देता न आलेल्या घरांतून त्या आल्या होत्या. इथे संहिता अल अत्तार यांनी स्त्रियांच्या बोलण्यातून लिहिली. म्हणजे बाईचे बोलणे लेखकाकडे गेले, निवडले गेले, घासून-पुसून परत तिच्याकडे पाठ करायला आले. पाठ केलेले स्वतःचे आयुष्य हे काहीसे विचित्र प्रकरण आहे. पण त्याचा एक फायदा असतो: पाठ केलेले वाक्य रोज रात्री नव्याने रक्तबंबाळ होऊन म्हणावे लागत नाही. नटाला हे कौशल्य ठाऊक असते. हौशी बाईला ते कोणीतरी शिकवावे लागते आणि न शिकवता तिला मंचावर ढकलणे ही माझ्या दृष्टीने बेजबाबदार गोष्ट आहे.

तिसरे नाटक ‘इफिजेनिया’, बर्लिनमध्ये २०१७ साली, फोक्सब्यूने या नाट्यसंस्थेतर्फे टेम्पलहोफ विमानतळाच्या जुन्या हँगरमध्ये. हा विमानतळ बंद झाल्यावर त्याचे हँगर २०१५ पासून निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी वापरले जात होते. रचना अशी की सीरियन तरुणी इफिजेनियाच्या भूमिकेसाठी निवडचाचणी द्यायला आल्या आहेत आणि त्यांना एकेक करून प्रश्न विचारले जात आहेत. ही कल्पना मला तिन्हींत सर्वात चतुर वाटते. मुलाखत लपवलेली नाही, तीच मंचावर आणून ठेवली आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती प्रेक्षकांना दिसते. उत्तर देणारी मुलगी ‘निर्वासित’ म्हणून नव्हे, ‘नटी होऊ पाहणारी’ म्हणून उत्तर देते आणि त्यामुळे तिला टाळाटाळ करता येते, विनोद करता येतो, बढाई मारता येते. अर्जदाराला यातले काहीच परवडत नाही.

दुसऱ्याच्या तोंडून ‘मी’

यावर कोणी म्हणेल, मग निर्वासित स्त्रीला मंचावर आणताच कशाला? कसलेली नटी तिची गोष्ट सांगू शकते. आरियान म्नूश्कीन यांच्या तेआत्र द्यु सोलेय या संस्थेने २००३ मध्ये ‘ल दर्निए कारव्हांसराय’ या दोन भागांच्या दीर्घ नाटकात हेच केले. फ्रान्समधील सांगात आणि ऑस्ट्रेलियातील छावण्यांत घेतलेल्या मुलाखतींवर ते आधारलेले होते. त्यात नट चाके लावलेल्या छोट्या फळ्यांवर उभे असत आणि इतर नट त्या ढकलत; पात्रांचे पाय मंचाला लागतच नसत. पायाखाली जमीन नसणे म्हणजे काय हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा दृश्यविचार मला ठाऊक नाही, आणि तो आत्मकथनातून सुचला नसता.

मराठीत सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ (१९८९) मध्ये आणि नंतर तमाशा कलावंत स्त्रियांच्या मुलाखतींवरून उभ्या केलेल्या ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ या प्रयोगात दुसरीचे ‘मी’ आपल्या तोंडी घेतले. हा मार्ग चोखंदळ आहे. तिथे मूळ बाईला उजेडात उभे राहावे लागत नाही. तिची अनुपस्थिती मात्र टाळ्यांच्या वेळी जाणवते. त्या टाळ्या नटीला मिळतात, पुढची नाटकेही नटीलाच मिळतात. निर्वासित स्त्रीच्या बाबतीत हा हिशेब अधिक कडू होतो. तिला देशाने नागरिक म्हणून गैरहजर केले, आता रंगभूमीनेही केले. म्हणून स्वतः उभे राहण्याला मोल आहे. उजेड आणि पांघरूण दोन्ही हवीत, एवढेच.

कलकत्त्याची एक मुलगी

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, पण निर्वासित स्त्रीला कचेरीत काय बोलावे लागते याचा अनुभव आपल्याकडे त्या कराराहून जुना आहे. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ चा कायदा झाला. त्याखाली वादग्रस्त प्रकरणाचा निर्णय न्यायाधिकरणाने करायचा होता. कुठे राहायचे याविषयी त्या स्त्रीच्या स्वतःच्या म्हणण्याला निर्णायक किंमत नव्हती. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी या स्त्रियांशी बोलून जे लिहिले त्यात मौनाच्या जागा ठिकठिकाणी आहेत आणि त्या तशाच ठेवण्याचा संयम त्या लेखिकांनी दाखवला.

रंगभूमीवर मात्र निर्वासित मुली त्याआधीच आल्या होत्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात सलिल सेन यांचे ‘नतुन इहुदी’ हे पूर्व बंगालमधून उखडलेल्या कुटुंबावरचे नाटक होत होते. त्यात काम करणारी साबित्री चॅटर्जी ही स्वतः फाळणीनंतर तिकडून आलेली, विशीही न गाठलेली मुलगी होती. नाटकाला पूर्व बंगालची बोली हवी होती. तिच्या ती तोंडातच होती. तिने स्वतःची हकिगत सांगितली नाही. तिने एका काल्पनिक निर्वासित मुलीचे काम केले, आणि त्यासाठी तिच्याकडून पुरावा कोणी मागितला नाही. पुढे ती बंगाली चित्रपटांची आघाडीची नटी झाली.

समीक्षेत ‘आवाज मिळाला’ असा शब्दप्रयोग फार होतो. साबित्रीला काम मिळाले. अम्मान, बैरूत, सिडनी येथील प्रयोगांविषयी वाचताना हा फरक डोळ्यांआड करू नये. आपले आयुष्य हीच जिची एकमेव भूमिका आहे तिला दुसऱ्या नाटकात कोण घेणार? एकदा सांगून झालेली गोष्ट तिला पुन्हा विकता येत नाही. इफिजेनियाची निवडचाचणी ही कल्पना मला महत्त्वाची वाटते ती यासाठीही: तिथे मुली निदान दुसऱ्या कोणाची तरी भूमिका मागत आहेत.

व्हिसाची खिडकी

अम्मानचा प्रयोग २०१४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात व्हायचा होता. स्त्रियांना व्हिसा नाकारण्यात आला. तात्पुरत्या भेटीसाठी व्हिसा मागणाऱ्याने आपण परत जाणार आहोत, मागे आपले ठिकाण आहे, हे सिद्ध करायचे असते. अमेरिकेच्या कायद्यात अर्जदार राहायलाच येतो आहे असे गृहीत धरलेले असते आणि ते खोटे ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. ज्यांचे नाटकच परतण्याचे ठिकाण जळून गेल्याविषयी होते त्यांना हा पुरावा द्यायचा होता.

शेवटी विद्यापीठात माहितीपटातले प्रसंग दाखवले गेले आणि अम्मानमधून त्या स्त्रिया पडद्यावर थेट बोलल्या. प्रेक्षागृहातल्यांनी प्रश्न विचारले, त्यांनी दुभाष्यामार्फत उत्तरे दिली. ठरलेला प्रयोग, ज्यात त्या वृंदात उभ्या राहिल्या असत्या, हेक्युबा आणि कॅसान्ड्राचे शब्द बोलल्या असत्या, तो तिथे झाला नाही.